पीसी/१०४ चळतीत आयआरक्यू आणि बस यांची मांडणी: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

पीसी/१०४ हे एकावर एक रचून जोडायच्या छोट्या संगणक-कार्डांचे मानक आहे, आणि अशा रचनेला इथे चळत म्हटले आहे. प्रश्न थोडक्यात असा आहे. सीपीयू बोर्ड पीसी/१०४-प्लस प्रकारचा आहे, म्हणजे त्यावर जुनी आयसा बस आणि नंतरची पीसीआय बस या दोन्ही उपलब्ध आहेत (बस म्हणजे कार्डांना सीपीयूशी जोडणाऱ्या तारांचा संच). सीपीयूच्या लगेच वर पीसीआयचे इथरनेट कार्ड, त्यावर चार पोर्टांचे आयसा सीरियल कार्ड आणि सर्वांत वर आयसाचेच ॲनालॉग इनपुट कार्ड अशी चळत रचली आहे. सीरियल कार्डाचे पहिले दोन पोर्ट आयआरक्यू १० वर, पुढचे दोन ११ वर आणि ॲनालॉग कार्ड ५ वर जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) लावले आहे. आयआरक्यू म्हणजे कार्डाने इंटरप्ट देऊन सीपीयूचे लक्ष वेधण्याची क्रमांकित लाइन. इथरनेट कार्ड काढून ठेवले तर यंत्रणा चालते, फक्त तिसऱ्या आणि चौथ्या पोर्टवर एकाच वेळी भरपूर डेटा आला की ते दोन्ही पोर्ट कधीतरी मुके होतात आणि दोन्ही बंद करून उघडले की पुन्हा चालू होतात. इथरनेट कार्ड चढवले की तिसरा पोर्ट उघडताक्षणी लिनक्स कर्नल ‘आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड’ (कोणीच दखल घेतली नाही) असा संदेश देऊन ती लाइन बंद करतो आणि पोर्टांबरोबर नेटवर्कही जाते. ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) दोन वेगवेगळ्या आवृत्त्या वापरूनही फरक पडलेला नाही.

फरक पडणार नव्हताच, कारण इथे दोन स्वतंत्र दोष एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांतला मोठा दोष ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाही. तो बायोसने, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामने, केलेल्या वाटपात आहे. इथरनेट कार्डाला बायोसने आयआरक्यू ११ दिला, आणि सीरियल कार्डावरचा जंपर वाचण्याचे कोणतेही साधन बायोसकडे नसल्यामुळे ती लाइन आधीच कोणीतरी घेतली आहे हे त्याला कळले नाही. यावर उपाय पाच मिनिटांचा आहे, पण तो का चालतो हे समजून घेतले नाही तर पुढचे कार्ड चढवताना हाच घोळ वेगळ्या आकड्यावर पुन्हा होईल.

आयसा बसवरील इंटरप्ट हा एज-ट्रिगर असतो. कार्ड एरवी आपली लाइन खाली ठेवते, काम निघाले की ती वर नेते, आणि ८२५९ हा इंटरप्ट कंट्रोलर त्या खालून वर जाण्याच्या क्षणाची नोंद घेतो. पीसीआय बसवर नेमके उलटे आहे. तिथली लाइन एरवी पुल-अप रेझिस्टरमुळे वर असते, कार्ड ती खाली ओढते आणि त्याचे काम पूर्ण होईपर्यंत खालीच धरून ठेवते. कंट्रोलर क्षण पाहत नाही, पातळी पाहतो. याला लेव्हल-ट्रिगर म्हणतात. म्हणूनच पीसीआयची अनेक कार्डे एकच लाइन निर्धास्तपणे वाटून घेऊ शकतात आणि आयसाची कार्डे सहसा शकत नाहीत. कोणता आयआरक्यू एज आणि कोणता लेव्हल, हे चिपसेटमधील (सीपीयूच्या साथीच्या चिपांमधील) ईएलसीआर नावाच्या दोन रजिस्टरांत ठरते. त्यांचे पत्ते हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ४डी० आणि ४डी१ आहेत, आणि आयआरक्यू ११ साठी दुसऱ्या रजिस्टरमधील ३ क्रमांकाचा बिट पाहावा लागतो. आयआरक्यू ०, १, २, ८ आणि १३ यांना लेव्हल करता येत नाही. बाकीच्यांचा निर्णय बायोस चालू होताना करतो.

आता आपल्या यंत्रात काय घडते ते पाहू. बायोसने पीसीआयची लाइन आयआरक्यू ११ कडे वळवताच त्या आयआरक्यूचा ईएलसीआर बिट लेव्हलवर गेला. या क्षणापासून चिपसेटच्या दृष्टीने ‘खाली’ म्हणजे ‘इंटरप्ट आला’ असा अर्थ झाला. इंटेलच्या पीआयआयएक्स मालिकेतील चिपांच्या डेटाशीटमध्ये तर हे स्पष्टच लिहिलेले आहे की पीसीआयकडे वळवलेला आयआरक्यू नेहमीच्या आयसा कार्डाला यापुढे वापरता येत नाही. सीरियल कार्डावरील १६५५० या पोर्ट चालवणाऱ्या चिपचा इंटरप्ट मात्र बसपर्यंत पोहोचण्यासाठी तिच्या मोडेम कंट्रोल रजिस्टरमधील आउट-२ हा बिट चालू असावा लागतो, आणि ड्रायव्हर तो पोर्ट उघडतानाच चालू करतो. तोवर लाइन मोकळी असते, म्हणून यंत्र सुरळीत सुरू होते आणि नेटवर्कही चालते. पोर्ट उघडला की बफर (लाइनवर सिग्नल सोडणारा भाग) चालू होतो, आणि पोर्टकडे काहीच काम नसल्यामुळे तो लाइन इमानदारीने खाली धरतो. चिपसेट ते ‘इंटरप्ट आला’ असे वाचतो. कर्नल इथरनेटच्या ड्रायव्हरला विचारतो, तो ‘माझा नाही’ म्हणतो. सीरियलच्या ड्रायव्हरला विचारतो, तोही ‘माझा नाही’ म्हणतो. आणि हँडलरमधून (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडमधून) बाहेर पडताच तोच इंटरप्ट पुन्हा उभा राहतो. एका लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले की कर्नल ती लाइन कायमची बंद करतो, असा हिशेब त्याच्या कोडमध्येच आहे. एवढे इंटरप्ट या अवस्थेत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जमा होतात, आणि लाइन बंद झाल्यावर त्याच लाइनवरचे निरपराध इथरनेट कार्डही बसते.

इथे एक बाब तपासून घ्यावी. पीसी/१०४ च्या मानकात एकाच आयआरक्यूवर अनेक कार्डे बसवण्याची एक ऐच्छिक सोय आहे: कार्ड लाइन फक्त वर नेते, खाली ओढत नाही, आणि लाइन खाली ठेवण्याचे काम १ किलो-ओहमचा एक पुल-डाउन रेझिस्टर करतो. हा रेझिस्टर जंपरने जोडता किंवा तोडता येतो आणि एका आयआरक्यूवर तो फक्त एकाच कार्डावर जोडलेला असावा लागतो. दोन-तीन कार्डांवर जोडून ठेवला तर समांतर रोध इतका खाली येतो की लाइन वर नेण्यासाठी लागणारा प्रवाह कार्डाच्या ताकदीबाहेर जातो. पीसी/१०४ मध्ये बहुतेक सिग्नलांसाठी ४ मिलिअँपिअरचीच ताकद गृहीत धरलेली आहे, आणि ५ व्होल्टला १ किलो-ओहमचा एकच रेझिस्टर ५ मिलिअँपिअर मागतो, म्हणजे एकाच रेझिस्टरमुळे आपण मर्यादेला टेकलेलो असतो. कोणत्याच कार्डावर जोडला नाही तर लाइन तरंगत राहते आणि शेजारच्या तारेच्या गोंगाटाने खोटे इंटरप्ट येतात. नवी कार्डे कारखान्यातून येताना हा जंपर बहुधा बसवलेलाच असतो, म्हणून तो प्रत्येक कार्डावर प्रत्यक्ष पाहावा.

वाटप करताना माझा क्रम नेहमी एकच असतो: ज्याला हलता येत नाही त्याला आधी जागा द्यायची. आयआरक्यू ० टायमरचा, १ कीबोर्डचा, २ दुसऱ्या कंट्रोलरच्या जोडणीचा, ८ घड्याळाचा आणि १३ गणिती प्रोसेसरचा. हे बसवर येतच नाहीत (आयआरक्यू २ च्या जुन्या पिनवर एटीपासून ९ येतो). आयसाच्या ६४ पिनांच्या कनेक्टरवर ३ ते ७ आणि ९ मिळतात, तर ४० पिनांच्या कनेक्टरवर १०, ११, १२, १४ आणि १५ मिळतात. ६४ आणि ४० मिळून १०४, हेच या मानकाच्या नावाचे मूळ. त्यातून बोर्डावरचे पोर्ट वजा करावे लागतात. पहिला सीरियल पोर्ट ४ घेतो, दुसरा ३, प्रिंटर पोर्ट ७, पीएस/२ माऊस १२, आयडीई (डिस्कची जोडणी) १४ आणि १५, तर ९ बहुतेक बोर्डांवर एसीपीआयकडे (वीज-व्यवस्थापनाकडे) जातो. हातात खरोखर उरतात ते ५, १० आणि ११. फ्लॉपी नसल्यास ६ ही मोकळा असतो, पण काही बोर्ड तो सोडत नाहीत.

म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन न लागणारे पोर्ट बंद करावेत. आपण कन्सोलसाठी फक्त पहिला सीरियल पोर्ट वापरता, तेव्हा बोर्डावरचा दुसरा सीरियल पोर्ट आणि प्रिंटर पोर्ट बंद केल्यास ३ आणि ७ मोकळे होतात. सीरियल कार्डाचे पहिले दोन पोर्ट १० वर राहू द्यावेत, तिसरा आणि चौथा ३ वर न्यावा, ॲनालॉग कार्ड ५ वरच ठेवावे आणि ११ संपूर्णपणे पीसीआयला सोडून द्यावा. त्यानंतर बायोसच्या पीसीआय किंवा पीएनपी या पानावर ३, ५ आणि १० यांपुढे ‘रिझर्व्ह्ड’ किंवा ‘लेगसी आयसा’ हा पर्याय निवडावा. काही बोर्डांवर या पानाची भाषा उलटी असते, म्हणजे ‘ॲव्हेलेबल’ याचा अर्थ पीसीआयसाठी उपलब्ध असा असतो. तिथे घाईने चुकीचा पर्याय निवडला जातो. सर्वच आयआरक्यू राखून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. पीसीआयसाठी एकही शिल्लक राहिला नाही तर इथरनेट कार्ड दिसेल, त्याचे पत्तेही मिळतील, पण इंटरप्ट मिळणार नाही, आणि मग ते पॅकेट पाठवते पण ‘ट्रान्समिट टाइमआउट’ देते.

आयसाच्या बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की एकच आकडा तीन ठिकाणी सांगावा लागतो: कार्डाच्या जंपरवर, बायोसच्या राखीव यादीत आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे कोणतेही यंत्र तपासत नाही. मी प्रत्येक चळतीसाठी एक कागद करतो आणि तो खोक्याच्या झाकणाच्या आत चिकटवतो. त्यावर कार्ड, जंपर, पत्ता, आयआरक्यू आणि पुल-डाउन जोडला आहे की नाही एवढेच असते. दोन वर्षांनी दुसराच माणूस ते खोके उघडतो तेव्हा हा कागद कोणत्याही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पीसीआयच्या बाजूला जंपर नसले तरी एक गोल स्विच असतो आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. साध्या पीसीमध्ये कार्ड कोणत्या खाचेत बसले यावरून त्याची ओळख ठरते. चळतीत सर्व पिना सरळ वर जात असल्यामुळे ती ओळख हा स्विच ठरवतो. स्विचच्या चार जागांपैकी जी निवडाल तिच्यानुसार कार्डाला आयडीसेल (कार्ड निवडण्याची लाइन), घड्याळाची लाइन आणि इंटा ते इंटडी यांपैकी एक इंटरप्ट लाइन मिळते. सीपीयूच्या सर्वांत जवळच्या कार्डाला पहिली जागा, त्यानंतरच्याला दुसरी, हा क्रम पाळावा, कारण घड्याळाच्या तारांची लांबी कार्डाचे अंतर गृहीत धरून आखलेली असते. दोन कार्डांवर एकच जागा निवडली तर एकही धड दिसत नाही. तिसरी आणि चौथी जागा अनेक बोर्डांवर बस मागण्याच्या आणि मिळाल्याच्या सिग्नलांची एकच जोडी वाटून घेतात, म्हणून डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता मेमरीशी थेट देवाणघेवाण) करणारी दोन कार्डे त्या दोन जागांवर ठेवू नयेत. आपली चळत या बाबतीत बरोबर आहे. फक्त आयसा असलेले कार्ड पीसीआयच्या पिना पुढे नेत नसल्यामुळे इथरनेट खालीच हवे.

आता दुसऱ्या दोषाकडे येतो. इथरनेट नसतानाही तिसरा आणि चौथा पोर्ट कधीतरी मुके होतात, आणि आकडा ११ वरून ३ वर नेल्याने हा दोष जाणार नाही. हे दोन पोर्ट कार्डाच्या आतच एका ऑर गेटमधून (कोणतेही एक इनपुट वर असले तरी आउटपुट वर ठेवणाऱ्या सर्किटमधून) एकाच लाइनवर आलेले आहेत आणि ती लाइन एज-ट्रिगर आहे. समजा तिसऱ्या पोर्टने लाइन वर नेली. हँडलर आला, त्याने आधी चौथा पोर्ट पाहिला, तिथे काही नव्हते, मग तो तिसऱ्याचे अक्षर वाचू लागला. त्याच दरम्यान चौथ्या पोर्टवर अक्षर आले. तिसऱ्याचे काम संपले, पण चौथ्याने लाइन धरून ठेवल्यामुळे ती खाली आलीच नाही. हँडलर बाहेर पडला. आता लाइन कायम वर आहे, खालून वर जाण्याचा क्षण पुन्हा कधी येणार नाही, आणि कंट्रोलरच्या दृष्टीने काहीच घडत नाही. दोन्ही पोर्ट बंद करून उघडले की चालू होतात, हे आपण लिहिलेले लक्षण नेमके याच स्थितीचे आहे, कारण दोन्ही पोर्टांचा आउट-२ गेला की लाइन खाली येते.

यावरचा उपाय हँडलरमध्ये आहे: एका संपूर्ण फेरीत त्या लाइनवरच्या एकाही पोर्टकडे काम निघाले नाही, तेव्हाच बाहेर पडायचे. लिनक्सचा मूळ ८२५० ड्रायव्हर हे करतो, पण कर्नल बांधताना आयआरक्यू वाटून घेण्याचा पर्याय चालू असावा लागतो आणि चारही पोर्ट त्याच ड्रायव्हरकडे नोंदलेले असावे लागतात. आपण कार्डासोबत आलेला ड्रायव्हर वापरत आहात. त्याच्या कोडमध्ये ही फेरी आहे का ते पाहावे. मला विचाराल तर कार्डावर साध्या १६५५० चिपा असताना वेगळा ड्रायव्हर वापरण्याचे कारण नाही. ‘सेटसीरियल’ या आज्ञेने प्रत्येक पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू सांगितला की काम भागते.

वेळेचा हिशेबही एकदा करून ठेवावा, कारण ‘डेटा गळतो’ या तक्रारीचे खापर अनेकदा विनाकारण आयआरक्यूवर फुटते. ११५२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट), स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून, एक अक्षर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येते. १६५५० चा फिफो, म्हणजे आलेली अक्षरे साठवणारी रांग, १६ अक्षरांचा असतो. १४ अक्षरे जमली की इंटरप्ट द्यावा असे सेटिंग असेल तर उरलेल्या दोन अक्षरांच्या जागेमुळे हँडलरला सुमारे १७४ मायक्रोसेकंद मिळतात. ८ वर सेटिंग असेल तर सुमारे ७०० मिळतात. चारही पोर्ट पूर्ण वेगाने चालणार असतील आणि त्याच यंत्रात आयडीई डिस्क डीएमएशिवाय चालत असेल, तर १४ चे सेटिंग परवडत नाही. इंटरप्टांची संख्या वाढेल, पण अक्षरे गळणार नाहीत.

पत्त्यांच्या बाबतीत आपली मांडणी ठीक आहे: सीरियल कार्ड हेक्स ३०० पासून ३२ बाइट घेते आणि ॲनालॉग कार्ड ३४० पासून १६ बाइट, म्हणजे दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत. मात्र जुनी आयसा कार्डे पत्त्याचे फक्त खालचे १० बिट पाहतात, त्यामुळे ३०० वरचे कार्ड ७००, बी०० आणि एफ०० वरही उत्तर देते. लिनक्स कर्नल पीसीआय कार्डांना पत्ते वाटताना ही भुते टाळतो, पण स्वतः पत्ता टंकून बसवलेल्या कार्डाला तो वाचवू शकत नाही. पुढे मेमरी वापरणारे आयसा कार्ड घ्यायचे ठरले तर एवढे पाहावे की १२८ किलोबाइटच्या एकाच पट्ट्यात ८ बिटांचे आणि १६ बिटांचे कार्ड शेजारी बसवू नये, कारण रुंदी ठरवणारा सिग्नल त्या पट्ट्यापेक्षा बारीक भेद करू शकत नाही.

बदल केल्यावर तपासणी अशी करावी. ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल आधी पाहावी. प्रत्येक ओळीत कंट्रोलरचे नाव असते: ‘एक्सटी-पीआयसी’ दिसल्यास यंत्र जुन्या ८२५९ जोडीवर चालले आहे आणि वरचे सर्व विवेचन जसेच्या तसे लागू आहे, ‘आयओ-एपिक’ (८२५९ नंतरचा, जास्त लाइनींचा कंट्रोलर) दिसल्यास पीसीआयचे इंटरप्ट बहुधा १६ आणि त्यापुढच्या क्रमांकांवर गेलेले असतात आणि आयसाशी त्यांची टक्कर मुळातच होत नाही. आपल्या बोर्डावर एपिक असून तो बायोसमध्ये किंवा कर्नलच्या बूट ओळीत ‘नोएपिक’ लिहून बंद केलेला असेल, तर तो चालू करणे हाच सर्वांत स्वच्छ उपाय आहे. त्यानंतर एकेक पोर्ट उघडून त्यावर डेटा सोडावा आणि त्याच ओळीतला आकडा वाढतो का ते पाहावे. आकडा वाढत नसेल तर ‘सेटसीरियल’ने त्या पोर्टचा आयआरक्यू ० करावा. शून्य म्हणजे इंटरप्टशिवाय, टायमरच्या आधारे पोर्ट चाळत राहणे. अशा वेळी डेटा रखडत का होईना येऊ लागला तर पत्ता बरोबर आहे आणि दोष फक्त इंटरप्टच्या वाटेत आहे. तरीही काही येत नसेल तर आयआरक्यू सोडून पत्ता, केबल आणि पिनांची बैठक पाहावी. कोकणपट्टीसारख्या दमट, खारट हवेत वर्षभर चाललेल्या चळतीत पिनांवरचा थर हे कारणही मी गृहीत धरतो. वीज पूर्ण बंद करून चळत सरळ, चारही कोपऱ्यांवर सारखी उचलत उकलावी, तिरकी ओढल्यास पहिल्या रांगेतील पिना वाकतात.

तिसरा आणि चौथा पोर्ट ३ ऐवजी ७ वर का नको, असा प्रश्न पडू शकतो. कार्डाने लाइन वर नेली आणि सीपीयूने पोच देण्याआधीच ती खाली आली, तर ८२५९ ला कोणाचा इंटरप्ट सांगावा हे कळत नाही आणि तो ७ हा क्रमांक देऊन मोकळा होतो. दुसरा कंट्रोलर याच न्यायाने १५ देतो. म्हणजे ७ वर खऱ्यांबरोबर हे पाहुणेही येतात. लिनक्स ते ओळखून सोडून देतो, पण आपण मोजणीसाठी लाइन पाहत असताना त्यांचा गोंधळ नको. उलट, ७ कोणालाच न देता मोकळा ठेवला आणि तरीही कर्नल वारंवार ‘स्प्युरिअस इंटरप्ट’ची नोंद करू लागला, तर कोणती तरी लाइन तरंगते आहे किंवा कोणाचा तरी पुल-डाउन निघाला आहे हे त्यावरून कळते.

सीपीयू बोर्ड बदलण्याचा विचार आपण शेवटी मांडला आहे, त्याबद्दल एवढेच. आजच्या चिपसेटांत आयसा बस नसते. बोर्डवाले एलपीसी बसवर (आयसाची जागा घेतलेल्या, कमी तारांच्या बसवर) एक पूल-चिप बसवून आयसाचा कनेक्टर देतात. त्यात इंटरप्ट एकाच तारेवरून क्रमाने जातात, आयसाचे डीएमए बहुतेक वेळा नसते, मेमरीची आवर्तने मर्यादित असतात आणि पत्त्यांच्या मोजक्याच खिडक्या उघडता येतात, त्याही बायोसमधून. आपले ॲनालॉग कार्ड डीएमए वापरत असेल तर असा बोर्ड घेण्याआधी ते कार्ड फक्त इंटरप्टवर पुरेशा वेगाने नमुने घेऊ शकते का हे सध्याच्या बोर्डावरच तपासून घ्यावे, आणि विक्रेत्याकडून ३०० ते ३१एफ आणि ३४० ते ३४एफ या दोन्ही पट्ट्या उघडता येतात हे लेखी घ्यावे.